रात्रपाळीचं पथ्य

१३ नोव्हेंबर २०१७, सोमवार

आज सकाळी मी बटाटेवड्यांचा अख्खा पुडा कचऱ्यात फेकला आणि मला फार बरं वाटलं.

मुक्ता, माझी सून, कंपनीच्या बसमधून उतरली तेव्हा तिच्या हातात तेलाने पारदर्शक झालेला कागद होता. कॅन्टीनमध्ये उरलेले वडे सुपरवायझर नविनभाईंनी मुलींना वाटून दिले म्हणे. मोठे दानशूर! तलासरीच्या पुढे पेनांचा कारखाना आहे. तिथे या मुली रात्रभर रिफिली तपासतात. मध्यरात्री वडे आणि सेव-खमणी, पहाटे खारी आणि पाकासारखा चहा. मग घरी येऊन पोटात दगड भरल्यासारख्या झोपतात आणि वर विचारतात, वजन का वाढतं?

कंपनीच्या डॉक्टरने तिला तपासलं आहे. वजन जास्त, साखर काठावर, रक्त कमी. मार्चमध्ये काही मुलींना कायम करणार आहेत, पण मेडिकल पास झाली तरच. मुक्ताने हे मला सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला होता. असं ती सहसा करत नाही. म्हणाली, "आई, मला पास व्हायचंच आहे. काय खाऊ ते सांगा. तुम्ही सांगाल ते खाईन."

योग्य माणसाला विचारलंस, म्हटलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी निम्मी नोकरी रात्रपाळीत गेली आणि निवृत्तीच्या दिवशी मी लग्नातला ब्लाऊज घालून गेले होते.

माझा मुलगा शैलेश वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "म्हशीचा रवंथ बंद केलास तर म्हैस मरेल, आई."

असली भाषा जेवणाच्या टेबलावर नको, असं मी त्याला सुनावलं. मुक्ता हसली. तिला विनोद कळतो हे बरं आहे.

१६ नोव्हेंबर

पथ्य ठरलं. खरं जेवण संध्याकाळी, बसला जायच्या आधी: नाचणीची भाकरी, पालेभाजी, कडधान्य, भाजलेला सुका बोंबील. मध्यरात्री डब्यात मुगाचं घावन किंवा उकडलेली अंडी, काकडी, बाटलीत ताक. पहाटे काही नाही. सकाळी घरी आली की हलकं काहीतरी आणि झोप. साखर, मैदा, तळण बंद. चिकूही बंद. डहाणूत राहून चिकू बंद म्हणजे नदीत राहून पाणी बंद, पण मी कडक आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, भूक ही नोकर आहे, तिला घंटेवर बोलवायचं. आम्ही घंटेआधी बोलावली तर बोटांवर पट्टी बसायची. बोटं सुजली, पण सवयी लागल्या.

ही डायरी मात्र मराठीत. इतकी वर्षं इंग्रजीत "होल्ड द लाइन प्लीज" म्हणून झालं. राग मला इंग्रजीत येत नाही.

२२ नोव्हेंबर

एक विचित्र गोष्ट. मी शैलेशसाठी भजी तळत होते. मुक्ता उठून आली आणि तिने एक भजं उचललं. मी गंमतीने तिच्या बोटांवर उलथनं मारलं, नुसतं टेकवलं म्हणा. तिने एकदम दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि ओट्याखाली बसली. तिथेच. भजं हातात तसंच.

मी म्हटलं, "अगं, भजं आहे, बॉम्ब नाही."

ती उठली, भजं परत ठेवलं आणि म्हणाली, "झोपेत होते, आई."

रात्रपाळीने मज्जासंस्था बिघडते. तिच्या जेवणात बदाम वाढवले.

२ डिसेंबर, शनिवार

काळी, जी कैनाडहून भांड्यांना येते, तिला आज मी जवळजवळ कामावरून काढलं.

कालपासून मागच्या दारातला पितळी तांब्या चेपलेला आहे. मी विचारलं, कोणी आपटला? काळी राखेचे हात तसेच ठेवून म्हणाली, "बाय, तुझे पोऱ्याला इचार. तांब्या आपटला का तांब्यानं आपटलं, त्याला ठावं."

"म्हणजे?"

"तो नुसता वरडत नाय. हाणतो."

मी तिला सांगितलं की, शैलेशचा आवाज मोठा आहे, त्याच्या बापाचाही होता. नोकरी गेल्यापासून तो चिडचिडा झाला आहे. वीज केंद्रातल्या ठेकेदाराकडे होता, तिथे इंजिनिअरशी भांडण झालं. चूक इंजिनिअरची होती. इंजिनिअरचे दोन दात गेले हे खरं, पण तोंड आधी कुणी उघडलं?

काळी म्हणाली, "माझा पांड्या पण हाणतो. मीपण देते चुलीतला लाकूड. मंगाशी दिला." आणि हसली. तिचाही एक दात नाही. या लोकांना सगळी घरं आपल्यासारखीच वाटतात.

माझी खोली त्यांच्या खोलीला लागून आहे. काही असतं तर मला ऐकू आलं असतं. आणि एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: लाइन जोडली की कान काढून घ्यायचा.

१० डिसेंबर, रविवार

आज मटण नाही, खेकडे. मुक्तासाठी खेकड्याचं सूप, तेल न घालता. नांग्या मी वरवंट्याने फोडते. जिवंत असतानाच पाय मोडावे लागतात, नाहीतर टोपातून चढून बाहेर येतात. एक आलाच. शैलेशने चपलेने चिरडला. लादीवर पिवळं पसरलं. "आता कुठे जातोस?" म्हणाला.

जेवताना मी चांगली बातमी सांगितली. मुक्ताची साखर खाली आली आहे, चेहराही उतरला आहे, ही अशीच राहिली तर मार्चमध्ये कायम होणार. आणि झरीच्या रस्त्याला कंपनीने बायकांसाठी क्वार्टर बांधलेत, कायम झालेल्यांना एकेक खोली. लागोपाठ पाळ्या आल्या तर तिथे झोपता येईल, रोजचा महामार्गावरचा प्रवास वाचेल. गेटवर वॉचमन असतो, पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणजे काळजी नाही.

हे सगळं मुक्तानेच मला बदाम सोलताना सांगितलं होतं, पण आज ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मी तिच्या सुपात विष घातलंय.

शैलेश म्हणाला, "पुरुषांना सोडत नाहीत?"

"नाही."

"नवऱ्यालापण?"

"नवरा पुरुष नसतो का?" मी म्हटलं. माझ्याच विनोदावर मी एकटी हसले.

त्याने दुसऱ्यांदा भात घेतला. खूप शांतपणे जेवला.

१७ डिसेंबर

शैलेश बदलला आहे! मुलगा मुळात प्रेमळ आहे, मी नेहमीच म्हणते. रोज स्टेशनवरून तिच्यासाठी काहीतरी आणतो. जिलबी, फाफडा, केळ्याचे वेफर, काल तर घारी. स्वतःच्या हाताने भरवतो. ती तोंड मिटून बसते, तर तो तिची हनुवटी धरून म्हणतो, "घे की. माझ्या हातचं नको?" मी त्याला समजावलं की पथ्य मोडेल. म्हणतो, "एका घासाने काय होतं, आई? तू किती कडक!"

तिनेही थोडं गोड बोलावं. परवा गाल बोटांच्या ठशांनी लाल झाला होता, इतकी तिने तोंड मिटण्याची जिद्द केली.

२१ डिसेंबर

मुक्तावर रागावले. तिच्या ताकाच्या बाटलीच्या तळाशी न विरघळलेली साखर! सकाळी धुताना काळीने दाखवली. मी एवढी उन्हात भाजी निवडते, आणि ही चोरून साखर घालते. मी तिला खोटारडी म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजपासून बाटली मी तुमच्या देखत भरेन, आई. आणि तुमच्याच खोलीत ठेवू."

माझ्या खोलीत का, ते मला कळलं नाही. पण तसं केलं.

२९ डिसेंबर, शुक्रवार

मुक्ताची करंगळी दारात सापडली. नख पूर्ण निघालं. दार शैलेशने लावलं, त्याला दिसलं नाही. तो स्वतः घाबरला होता, म्हणजे घाबरल्यासारखा उभा होता. रक्त लादीवरून उंबऱ्यापर्यंत. मी हळद भरली. ती ओरडली नाही. मी तिला म्हटलं, ओरडावं माणसाने, त्याने दुखणं कमी होतं. तर म्हणाली, "ओरडलं की वाढतं, आई."

तशीच कामावर गेली. करंगळी लागत नाही म्हणे रिफिली तपासायला.

वजन कमी होतंय. माझं पथ्य लागू पडतंय. शेजारच्या सुषमाताई विचारत होत्या की मुक्ता आजारी आहे का. जळतात.

९ जानेवारी २०१८

नीरा सुरू केली. सकाळी लोणीपाड्याच्या रस्त्याला शुक्रा माडी-नीरा घेऊन बसतो. उन्हं चढायच्या आत प्यायली तर नीरेसारखं थंड आणि पौष्टिक काही नाही. रात्रभर जागलेल्या डोळ्यांची जळजळ जाते. चहापेक्षा शंभर पट बरी. गोड आहे, पण देवाने घातलेली गोडी आहे. मुक्ता बसमधून उतरते, मी फाटकातच पेला हातात देते. उभ्याउभ्या पिते आणि माझ्याकडे बघून हसते. फाटकाच्या बाहेर ती वेगळीच दिसते.

२० जानेवारी, शनिवार

लिहिते आहे.

काल शुक्रवार. बस उशिरा आली, मुक्ता थकलेली होती, नीरा न पिता झोपली. टाकून देणं माझ्या जिवावर आलं. मी बाटली फ्रीजमध्ये ठेवली. थंडीत नीरा आंबत नाही, विज्ञानाच्या तासाला शिकले आहे. पण शुक्रवारी वीज जाते. सगळ्या डहाणूला ठाऊक आहे की शुक्रवारी वीज जाते. मीच दर शुक्रवारी त्यांना शिव्या घालते. काल मी ग्रंथालयात गेले होते आणि मला ते आठवलंच नाही. बंद फ्रीजमध्ये ती दिवसभर उबत बसली.

संध्याकाळी मुक्ता उठली. रिकाम्या पोटी तिने पेलाभर घेतली. मी घरी आले तेव्हा ती ओट्याशी भाकरी थापत होती आणि मला म्हणाली, "आज नीरा जरा आंबूस लागली." तेवढ्यात शैलेश आत आला. पाणी प्यायला म्हणून तिच्याजवळ गेला आणि थांबला.

"ताडी?"

ती म्हणाली, "आईंनी नीरा ठेवली होती."

"कंपनीत पितेस. रात्री. नविनभाईबरोबर."

मी म्हटलं, "शैलेश, ती नीरा होती. मी आणली. वीज गेली म्हणून फ्रीजमध्ये आंबली." स्वच्छ, तीन वाक्यांत. माझा आवाज खणखणीत आहे, तालुकाभर पोहोचायचा.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला ऐकू आलं होतं. मग त्याने तिला मारलं. मुठीने, इथे, कानाखाली. आवाज आला. तो आवाज मला माहीत होता. भिंतीतून येताना तो कपाटाच्या दारासारखा यायचा आणि मी कूस बदलायचे.

ती खाली पडली, तर तिला उठवून मारलं. तव्यावर भाकरी जळत होती. मी पुन्हा सांगितलं, नीरा होती. मी बाटली नेऊन त्याच्या नाकासमोर धरली. मला वाटत होतं, कारण चुकीचं आहे हे त्याला कळलं की तो थांबेल. त्याने ती बाटली घेतली, टेबलावर व्यवस्थित ठेवली आणि तिला लाथ मारली.

मी तिच्या अंगावर पडले तेव्हा थांबला. म्हणाला, "ऊठ आई, तुला लागेल."

मुक्ताच्या तोंडातून रक्ताबरोबर दाढ आली. तिने ती पदरात बांधली.

२३ जानेवारी

जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने बांधले. सहा आठवडे. डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या? मी म्हटलं, बाथरूममध्ये घसरली. तोंडातून निघून गेलं. शैलेश बाजूला उभा होता आणि मोसंबी सोलत होता. दात बांधलेल्या बाईसाठी मोसंबी.

मग मुक्ताने माझ्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावर मी तिच्या खाटेशी बसले, तर तिने भिंतीकडे तोंड केलं. भिंतीच्या पलीकडे माझी खोली आहे. ती भिंतीवर हात ठेवून झोपली.

आजपासून ती माझ्या खोलीत झोपेल. मी शैलेशला सांगितलं. तो म्हणाला, "किती दिवस, बघू."

४ फेब्रुवारी, रविवार

मुक्ता कामावर जाते आहे. जबडा बांधून. कायम व्हायच्या आधी रजा झाल्या तर नाव कापतील. बसमध्ये तिला मुली जागा धरून ठेवतात.

आता सगळं पातळ. कुळथाचं कढण, नाचणीची पेज, शेवग्याच्या पाल्याचं पाणी, मुगाचं गाळलेलं वरण, खेकड्याचं सूप दोनदा गाळून. नळीतून जाईल तेवढंच. दोन थर्मास: एक मध्यरात्री, एक पहाटे. आधी वजन उतरवायची घाई होती, आता ते इतकं उतरतंय की भीती वाटते. तीन महिन्यांपूर्वी जी साडी गुडघ्यात अडकायची ती आता दोन वेढे जास्त घेते. वजनाच्या काट्यावर तिला चढवून मी आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्या! त्या टाळ्या आठवल्या की आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कढणात लोणी घातलं. पथ्य गेलं खड्ड्यात. रक्त वाढलं पाहिजे.

एक फायदा: तोंड तारेने बांधलेलं असलं की कोणाला जिलबी भरवता येत नाही. शैलेशने प्रयत्न केला. ओठांवर दाबली. पाक तिच्या हनुवटीवरून गळ्यात उतरला. मी ती जिलबी त्याच्या हातातून घेऊन त्याच्यासमोर खाल्ली. सगळी. मला साखर आहे, हे त्याला माहीत आहे.

१४ फेब्रुवारी

मुक्ता बोलली. दात मिटूनच बोलते, शब्द शिट्टीसारखे येतात.

"आई, मी क्वार्टर मिळालं की परत येणार नाही."

"पाळ्या लागोपाठ असल्या की राहा तिथे, मी कुठे नाही म्हणते?"

"परत येणार नाही, आई. कधीच."

मग मला कळलं की नोव्हेंबरपासून माझ्या स्वयंपाकघरात काय शिजत होतं. मला आधी राग आला. खरंच आला. मी तिची भाकरी भाजत होते आणि ती माझ्या घरातून निघायची तयारी करत होती, आणि मला सांगावंसं वाटलं नाही!

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्याला सांगितलं असतं. जेवताना."

मी उठून तिचं कढण गाळलं.

थोड्या वेळाने विचारलं, "माहेरी का जात नाहीस?"

"दोनदा गेले होते. दोनदा त्यांनीच आणून सोडलं. तुम्ही पेढे दिले होते त्यांना."

दिले होते. बाहेरून मागवलेले नव्हते, इथलेच, पण दिले होते.

२ मार्च, धुळवड

शैलेशने काल अंगणात मुक्ताच्या कंपनीचा निळा कोट होळीत टाकला. शेजारी बघत होते, म्हणून हसत हसत टाकला. "वाईट जळू दे!" सुषमाताई टाळ्या वाजवत होत्या. मी लाकूड घालून तो बाहेर ओढायला गेले, तर त्याने माझा दंड धरला. हाडापर्यंत. चार निळी बोटं उमटली आहेत. नविनभाईंनी नवा कोट दिला, न विचारता. वडेवाल्या माणसाबद्दल मी जे लिहिलं ते थोडं मागे घेते. वडे मागे घेत नाही.

५ मार्च

तार निघाली. तोंड दोन बोटं उघडतं. तिने पहिला घास मऊ भाताचा घेतला आणि चावताना रडली. दुखलं म्हणून, की चावता आलं म्हणून, विचारलं नाही. दुसरा घास मी घेतला.

बारा तारखेला मेडिकल.

१२ मार्च, सोमवार

जसं झालं तसं लिहिते.

रक्त उपाशीपोटी काढणार होते, म्हणून कढण नंतरसाठी, थर्मासमध्ये. आठची बस. मी पातेलं खदखदा उकळवत होते, कारण थर्मासमध्ये उकळतंच भरावं लागतं, नाहीतर दुपारपर्यंत निवतं.

शैलेश उंबऱ्यात बसला होता. मुक्ताची पिशवी मांडीखाली. ती समोर जाऊन उभी राहिली.

"पिशवी दे."

"आज तब्येत बरी नाही तुझी."

"बस येईल. पिशवी दे."

"मी फोन करतो नविनभाईला. सांगतो, घसरून पडली. आई साक्षीला आहे, तिला सवय आहे."

ती त्याला ओलांडून जायला लागली. त्याने तिची वेणी धरली, मनगटाभोवती दोन वेढे घेतले, जसे गुराच्या दाव्याला घेतात, आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. कपाळ फुटलं. पुन्हा मागे ओढलं. जबडा. तो जबड्याच्या बाजूने आपटणार होता, मला दिसत होतं, तो कोन जुळवत होता.

मी म्हटलं, "शैलेश, सोड."

मी पुन्हा म्हटलं, "शैलेश, सोड तिला."

तिसऱ्यांदा मी काही म्हटलं नाही. फडक्याने पातेलं उचललं आणि त्याच्या मुठीवर ओतलं. वेणी मनगटाभोवती होती, म्हणून हात हलवायला त्याला वेळ लागला. कुळथाचं कढण दाट असतं, पाण्यासारखं वाहून जात नाही. चिकटतं. मी सगळं ओतलं. निम्म्यावर थांबता आलं असतं.

तो जसा ओरडला तसा जन्मल्यावर ओरडला होता.

मुक्ताच्या खांद्यावरही उडालं. ती माझ्याकडे बघत उभी. मी म्हटलं, "बघतेस काय? बस!" तिने पिशवी घेतली. कपाळाला पदर लावून फाटकाबाहेर गेली. पळाली नाही. चालत गेली. बस आली, दार उघडलं, आतल्या मुलींनी तिला हाताला धरून वर घेतलं.

मग मी त्याचा हात नळाखाली धरला. तो मला शिव्या देत होता, ज्या मी आजवर फक्त क्रॉस-कनेक्शनमध्ये ऐकल्या होत्या. साल बोटांवरून मोज्यासारखी उतरली.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं?

"मी ओतलं."

ते हसले. "मॅडम, मजा करता." म्हाताऱ्या बाईने खरं सांगितलं की लोकांना विनोद वाटतो.

"जानेवारीत सुनेचा जबडा मोडला होता. तोही पडून नाही, याने मोडला. दोन्ही नीट लिहून घ्या."

मग हसले नाहीत.

१६ मार्च

मुक्ता पास झाली. रक्त काठावर आहे, पण काठाच्या आत. कपाळाला टाके घालून वजन केलं म्हणे तिचं. खोली मिळाली, खाली, तिसरी. पोलीस ठाण्यात आम्ही दोघींनी काल तक्रार दिली. मी एक्स-रे नेला होता. हवालदाराने मला खुर्ची दिली आणि तिला उभं ठेवलं. मी उठले आणि खुर्ची तिला दिली.

शैलेशला बोलावून समज देऊन सोडलं. हात भाजलेला, केविलवाणा दिसतो. घरी तोच आहे आणि मी.

२२ मार्च

उजवा हात बांधलेला, म्हणून मी त्याला चमच्याने भरवते. काल मऊ भात आणि मेथी. त्याने घास माझ्या तोंडावर थुंकला. मी तोंड धुतलं आणि पुढचा घास धरला. आज त्याने डाव्या हाताने ताट फेकलं. स्टीलचं. माझ्या भुवईवर लागलं, तीन टाके पडले. सुषमाताईंनी विचारलं, काय झालं हो? मी म्हटलं, "शैलेशने ताट फेकून मारलं." त्या लगेच म्हणाल्या, "चुकून लागलं असेल." मी म्हटलं, "नाही." दारातच उभं राहून, मोठ्याने. रस्त्यावरचे दोघे थांबले.

उद्यापासून भरवणार नाही. काळीला सांगितलं आहे की, त्याचं ताट बाहेर ओट्यावर ठेवायचं. ती म्हणाली, "कुत्र्यावानी?"

"कुत्रा चावला तर निदान इंजेक्शन असतं."

२५ मार्च, रविवार

झरीला जाऊन आले. बायकांना भेटायला सोडतात. खोली एवढीशी, खिडकीतून पेनांच्या कंपनीची भिंत आणि एक बोरीचं झाड. मुक्ता रात्रपाळी करून उठली होती. स्टोव्हवर तिने स्वतः घावन केलं आणि मला ताटात वाढलं. जाड, कडेला जळलेलं, मीठ जास्त. मी सांगितलं तसं. ती म्हणाली, "खा गुपचूप, आई." हे असं ती मला कधी बोलली नव्हती. मी खाल्लं.

"इथेच राहा. वॉचमनला सांगते, सासू आहे, काही बोलणार नाही."

"घर माझ्या फंडाच्या पैशातून बांधलंय. माझ्या नावावर आहे. निघायचं तर त्याने निघायचं."

"तो निघणार नाही, आई."

मी तिला मीठ कमी घालायला सांगून निघाले.

२ एप्रिल

आज हाताची पट्टी सोडली. कातडी गुलाबी आणि चकचकीत, लहान बाळासारखी. बोटं अजून आखडलेली आहेत. डॉक्टर नवे होते, त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. त्यांनी मला एक रबरी चेंडू दिला. "रोज दाबायला लावा, आजी. महिन्याभरात मूठ पूर्ण वळेल."

शैलेश तिथेच दाबायला लागला. माझ्याकडे बघत. रिक्षातही दाबत होता. चारोटीच्या फाट्याची पाटी आली तेव्हा म्हणाला, "ऐकलंस ना, आई? महिना."

मी ऐकलं. दुपारी वकिलांकडे जाऊन त्याला घर सोडायची नोटीस द्यायला सांगितली. ते म्हणाले, "मुलाला? विचार करा. दोन-तीन महिने तरी लागतील."

मी म्हटलं, महिन्याच्या आत.